साष्टीच्या पाद्रीचे पुराण

महाविद्यालयात मराठी शिकवत होतो तोवर दरवर्षी एकदा फादर थॉमस स्टीफन्स माझ्या वर्गात येऊन जात. त्यांचा मुक्काम ठरलेला असे, फार तर अर्धा तास. ‘क्रिस्तपुराणा’तल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या फळ्यावर लिहायच्या, चारशे वर्षांपूर्वी एक इंग्रज आपल्या भाषेवर कसा भाळला ते सांगायचे, मुलांच्या चेहऱ्यांवर जरासा अभिमान उमटला की पुढच्या कवीकडे वळायचे. परीक्षेला टीप लिहा, गुण पाच. निवृत्तीनंतर सबंध ग्रंथ पहिल्या पानापासून वाचायला घेतला तेव्हा कळले, की अकरा हजारांच्या घरातल्या ओव्यांपैकी मी इतकी वर्षे मूठभर ओव्या शिकवत होतो. त्या कुणी, कुणासमोर आणि कशासाठी म्हटल्या, हे मी एकदाही सांगितले नव्हते. मलाही ते धड ठाऊक नव्हते.

या लेखात मांडायचे आहे ते एवढेच: ‘क्रिस्तपुराण’ हे एका चर्चच्या पाद्रीचे, गोव्यात ज्याला ‘विगार’ म्हणतात त्याचे, रोजच्या कामातून निघालेले पुस्तक आहे. परदेशी भाषाप्रेमीचे कौतुक म्हणून ते वाचले तर त्यातले फार थोडे हाती लागते. विगाराचे काम कोणते होते, ते त्याला कुठल्या भूमीवर करावे लागले आणि त्या भूमीवर त्याच्या आधी काय घडले होते, हे समोर ठेवून वाचले तर ग्रंथ वेगळाच दिसतो. वाचणाऱ्याला तो अस्वस्थही करतो.

ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. साष्टीतल्या एका चर्चमध्ये पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत बसला आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे येतो आणि म्हणतो, की हे जे शिकवता ते ठीकच आहे. पण आमची पूर्वीची पुराणे तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? वेळ घालवायला, मन रमवायला आम्हांला काहीतरी हवे की नको? पुढचा सगळा ग्रंथ या मागणीचे उत्तर आहे. सुरुवातीचे हे निमित्त आपण ‘चौकट’ म्हणून बाजूला सारतो, कारण पुराणात श्रोत्याने प्रश्न विचारायचा आणि वक्त्याने सांगायचे ही रीतच आहे. जनमेजय विचारतो, वैशंपायन सांगतो. स्टीफन्सनी ती रीत ओळखून उचलली, यात शंका नाही. पण जनमेजयाची पुराणे कुणी काढून घेतलेली नव्हती. इथे मागणारा ज्याच्याकडे मागतो आहे, त्याच्याच पंथाने ती काढून घेतली आहेत, आणि कवीने हे वाक्य श्रोत्याच्या तोंडी ठेवले आहे. ते टाळणे त्याला सहज शक्य होते.

मागे वळून या माणसाचे मूळ पाहायला हवे. स्टीफन्स १५४९ च्या सुमारास इंग्लंडात विल्टशर परगण्यातल्या बुशटन या खेड्यात जन्मले. वडील व्यापारी. एलिझाबेथ राणीच्या त्या राज्यात कॅथलिक असणे धोक्याचे होते. मिस्सा म्हणणे गुन्हा होता आणि पुढे पुढे तर पाद्री होऊन परत येणाऱ्याला फाशी होती. त्यांचा एक जिवलग मित्र होता, टॉमस पाउंड. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि जेज्विट व्हायचे ठरवले. पाउंड निघण्याआधीच पकडला गेला, आणि त्याच्या आयुष्याची तीसेक वर्षे एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटे रोमला पोहोचले आणि १५७५ च्या ऑक्टोबरात सोसायटीत दाखल झाले. मित्राला विसरले मात्र नाहीत. त्याला तुरुंगात असतानाच सोसायटीत घ्यावे म्हणून त्यांनी रोममध्ये खटपट केली आणि १५७८ मध्ये ती फळाला आली. पुढच्या वर्षी ४ एप्रिलला लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबर १५७९ ला गोव्यात लागले. वडिलांना लिहिलेले प्रवासवर्णनाचे पत्र पुढे हॅक्लुइटच्या संग्रहात छापले गेले, आणि इंग्लंडातल्या व्यापाऱ्यांनी ते वाचले. १५८३-८४ मध्ये त्यांतले काही, राल्फ फिच आणि त्याचे सोबती, गोव्यात कैदेत पडले, तेव्हा जामिनाची खटपट करणाऱ्यांत स्टीफन्सही होते. त्या चौघांतला एक चित्रकार होता. तो जेज्विटांची चित्रे रंगवायला तिथेच राहिला. हे सारे विषयाला सोडून आहे खरे, पण कैदेतल्या माणसासाठी खटपट करण्याची या गृहस्थाला सवय होती, एवढे त्यातून दिसते.

आता साष्टी. मुंबईकराला हा शब्द ऐकला की ठाणे-वांद्रे आठवते. ही गोव्यातली साष्टी, मडगाव, राशोल, वेर्णे, कुंकळ्ळी यांची. तिथली धर्मप्रसाराची जबाबदारी जेज्विटांकडे होती, बार्देश फ्रान्सिस्कनांकडे. स्टीफन्स येण्याच्या बारा वर्षे आधी, १५६७ मध्ये, साष्टीतली देवळे शेकड्यांनी पाडली गेली होती. आपल्यापैकी पुष्कळांची कुलदैवते तिथलीच. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. दिवाळीच्या सुटीत आपण या देवळांना जातो, पण ती तिथे का आहेत हे फारसे कुणी विचारत नाही. नदीपलीकडे ज्यांनी देव नेले ते गेले. जे शेताला, गावकीला, म्हाताऱ्या आईबापांना धरून मागे राहिले, त्यांतले पुष्कळ जण स्टीफन्सच्या चर्चमध्ये बसत होते.

तिथल्या वातावरणाची कल्पना यावी म्हणून एकच घटना सांगतो. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला चर्चची जागा आणि क्रूस उभारायला गेलेल्या पाच जेज्विटांना गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांचे मृतदेह मिळवून आणण्याच्या कामात स्टीफन्स होते. पुढे बोलणी करण्याच्या मिषाने गावच्या गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची कत्तल केली. दोन्ही बाजूंची प्रेते या पाद्रीच्या हद्दीत पडली. तेव्हा ते चौतीस-पस्तीस वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी भाऊ रिचर्डला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले. भाषाशास्त्राचे लोक या एका वाक्यासाठी ते पत्र जपतात. माझे मन मात्र तारखांवर अडकते. प्रेते गोळा केल्यावर तीन महिन्यांनी हा माणूस भाषेच्या रचनेविषयी लिहितो आहे.

पुढची बहुतेक सारी हयात, १६१९ पर्यंत, त्यांनी साष्टीतच काढली. काही काळ तिथल्या जेज्विटांचे प्रमुख म्हणून आणि राशोलच्या पाठशाळेत, बाकी गावोगावच्या चर्चचे पाद्री म्हणून. पाद्रीचे काम म्हणजे काय? जन्मलेल्याला बाप्तिस्मा, मरणाऱ्याला अंतिम विधी, लग्ने लावणे, रविवारी प्रवचन, मुलांना धर्मशिक्षण आणि सगळ्यांत अवघड म्हणजे पापनिवेदन ऐकणे. प्रवचन दुभाष्याकडून करवता येते. कानात कुजबुजलेले पाप दुभाष्याकडून ऐकता येत नाही. १६०६ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने लोकांची भाषा न येणाऱ्याला चर्चचा पाद्री नेमू नये असे ठरवले, त्यामागे हीच अडचण होती.

स्टीफन्सची तीन पुस्तके या तीन कामांसाठी आहेत, असे मला वाटते. मुलांच्या प्रश्नोत्तरांसाठी ‘दौत्रिन क्रिस्तां’, नव्या पाद्रींना भाषा शिकवण्यासाठी व्याकरण ‘आर्त द लिंग्व कानारी’, आणि सणावारी ऐकण्यासाठी पुराण. पहिल्या दोन पुस्तकांचा विषय कोकणी आहे. ती त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली, १६२२ आणि १६४० मध्ये. पुराण तेवढे मराठी, आणि ते त्यांच्या हयातीत १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. मराठी-कोकणी वादात हा भेद दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वापरला गेला आहे. मला त्यात कामाची वाटणी दिसते. घरात, शेतात, पापनिवेदनाच्या वेळी जी भाषा बोलली जाते ती कोकणी. तीत शिकवायचे, तिचे व्याकरण लिहायचे. पण देवाची कथा ऐकायची तर ती मराठीत, ही सवय या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या होती. कथेला मराठी लागते हे साष्टीच्या ब्राह्मणाने पाद्रीला शिकवले. मराठीच्या स्तुतीच्या त्या ओव्या मी वर्गात जितक्या निर्हेतुक समजत होतो तितक्या त्या नाहीत. आपण कोणते वाद्य हाती घेतो आहोत आणि ते का, हे सांगणारा तो वक्ता आहे. त्याचे प्रेम खरे आहे, आणि त्या प्रेमाला कामही आहे. प्रस्तावनेत ते हेही सांगतात, की लोकांना सहज कळावे म्हणून या मराठीत त्यांनी तिथल्या बोलीतले सोपे शब्द मिसळले आहेत.

राशोलला गेलो होतो तेव्हा झुआरीकाठची ती टेकडी उतरताना एका वयोवृद्ध निवृत्त विगारांशी गाठ पडली. मी मोठ्या उत्साहाने चौकटीतल्या त्या ब्राह्मणाविषयी बोलू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, तुम्ही ब्राह्मणाकडे बघताय. तुम्ही मुलांकडे बघा. दोतोर्न मुलांनाच शिकवायची असते. मोठी माणसं मागं भिंतीला टेकून उभी राहतात, पोराला न्यायला आलो असं दाखवतात आणि सगळं ऐकतात. प्रश्न त्यांचाच असतो.”

हे ऐकल्यापासून मी ग्रंथातल्या प्रश्नांची जागा निराळ्या नजरेने पाहू लागलो. पुराणात ठिकठिकाणी कुणीतरी मध्येच शंका काढतो आणि कथा थांबते. काना गावच्या लग्नाचा प्रसंग घ्या. द्राक्षारस संपला आहे, येशू पाण्याचा द्राक्षारस करणार आहे, आणि इथे श्रोता अडतो: मद्य तर आमच्याकडे निषिद्ध, मग देवाने ते का करावे? युरोपातल्या कुठल्याही ख्रिस्तचरित्रात हा प्रश्न येण्याचे कारण नाही. तिथे तो कुणाला सुचणारच नाही. तो साष्टीतच कुणीतरी विचारला असला पाहिजे, किंवा विचारला जाईल हे इतकी वर्षे तिथे बसलेल्या माणसाला ठाऊक असले पाहिजे. उत्तर सरळ आहे, त्या देशाची रीत वेगळी, आणि झिंगणे तिथेही वाईटच. वाद जिंकल्याचा आव त्यात नाही. इतरत्र, मूर्तिपूजेचा विषय निघाला की, हेच स्टीफन्स कडवे होतात, आणि तिथे त्यांची ओवीही पुस्तकी होते. माझ्या मते ग्रंथाचा सरस भाग कुठे आहे हे ओळखायची ही सोपी खूण आहे. प्रश्न खरा असतो तिथे कवी चांगला लिहितो. प्रश्न त्यानेच उत्तरासाठी तयार केलेला असतो तिथे तो सामान्य होतो. आदिपुराणातल्या, म्हणजे पहिल्या भागाच्या छत्तीस अवस्वरूंत असे कोरडे भाग बरेच आहेत. दुसऱ्या भागाच्या एकोणसाठ अवस्वरूंत, विशेषतः येशूच्या यातना आणि मरियेचा शोक येतो तिथे, शंका काढणारे गप्प होतात आणि ओवी मोकळी वाहू लागते. एकनाथांच्या काळातला मराठी श्रोता आईच्या विलापाला अनोळखी नव्हता. स्टीफन्स त्या ओळखीवर पूर्ण विसंबतात, आणि ते विसंबणे फुकट जात नाही.

शब्दांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण माझे मत इथे अभ्यासकांच्या एका जुन्या मताला घासून जाते. छापील परंपरेतल्या पाठात पोर्तुगीज शब्द पुष्कळ आहेत. चर्चला ‘इग्रेज’, संताला ‘सांतु’, शिवाय ‘बाप्तिस्म’, ‘साक्रामेंत’. आणि त्यांच्या शेजारी ‘वैकुंठ’, ‘मुक्ती’, ‘परमेश्वर’. लंडनला मार्सडन संग्रहात या ग्रंथाचे देवनागरी हस्तलिखित आहे. त्यात बऱ्याच पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२३ मध्ये त्याच्यावर लिहिले तेव्हा त्यालाच मूळ पाठ मानले. शुद्ध मराठीची आवड असलेल्यांना हे मत साहजिकच पटले. मलाही पटले होते. आता वाटते, की मूळ कोणते हे पाठचिकित्सेने ठरवावे, पण पाद्रीच्या कामाचा पाठ कोणता याबद्दल मला शंका नाही. बाप्तिस्म्याला चर्चमध्ये जो शब्द कानावर पडतो, जो पुस्तकात नोंदला जातो, तोच कथेतही यायला हवा. नाहीतर मुलाने प्रश्नोत्तरांत पाठ केलेले आणि कथेत ऐकलेले जुळणार नाही. विधी चर्चचा, म्हणून शब्द चर्चचा. पण मेल्यावर आपण कुठे जातो, हे कुठल्या नोंदवहीत लिहायचे नसते. तिथे ‘वैकुंठ’ चालते, किंवा असे म्हणू, तिथे ‘वैकुंठा’शिवाय चालत नाही. ज्या माणसाची आई पंधरा वर्षांपूर्वी वैकुंठाला गेली, त्याला वेगळ्या नावाच्या ठिकाणी जायला सांगणे पाद्रीच्या जिवावर आले असेल काय? याला पुरावा नाही. पण पोर्तुगीज आणि देशी शब्दांची ही वाटणी ग्रंथभर टिकते, हे मी पडताळून पाहिले आहे.

लिपीची हकीकत याहून खेदाची. १६०८ मध्ये स्टीफन्सनी सोसायटीच्या रोममधल्या प्रमुखांना पत्र लिहून इथल्या भाषेची पुस्तके इथल्याच लिपीत छापण्याची परवानगी मागितली. मलबारात तसे होते, मग इथे का नको? अडचण टाइपांची होती. जोडाक्षरे धरून सहाशेच्या आसपास साचे लागतील असे आधी वाटत होते, ते दोनशेपर्यंत आणता येतील असा त्यांचा हिशेब होता. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ च्या आपल्या मुद्रणविषयक ग्रंथात हे प्रकरण उजेडात आणले. ते टाइप पडले नाहीत, आणि १६१६ चे पुराण रोमन अक्षरांत निघाले. परिणाम असा झाला, की ग्रंथाला वाचक मिळाले ते चर्चच्या शाळेत रोमन अक्षरे शिकलेले. घाटावरचा, पैठणचा किंवा पंढरपूरचा वाचक त्याला कधीच मिळाला नाही. तुकारामांच्या जन्माच्या वर्षी हे पत्र लिहिले गेले, अशी एक जुळणी माझ्या मनात घोळते; तिच्यातून काही सिद्ध होत नाही. देवनागरीत हे पुराण छापून यायला १९५६ साल उजाडले. शांताराम बंडेलूंची ती पुण्याची आवृत्ती. तीनशे चाळीस वर्षे मराठी काव्य मराठी लिपीविना राहिले.

आता जे टाळत आलो ते. स्वतःच्या देशात ज्याची उपासना बेकायदा ठरली, ज्याचा मित्र त्यापायी तुरुंगात होता, त्या माणसाने चाळीस वर्षे अशा जागी काम केले जिथे त्याच्याच पंथाने दुसऱ्यांची उपासना बेकायदा ठरवली होती. हे साम्य त्याला दिसले का? ग्रंथात ते कुठेही नाही. मी शोधले, आणि शोधताना माझ्याच मनातली लबाडी मला जाणवली: मला आवडणारा कवी मला निर्दोष हवा होता. स्टीफन्स त्या व्यवस्थेचे चाकर होते, आणि मनापासून होते. देवळांबद्दल त्यांना हळहळ वाटली असे दाखवणारे एकही अक्षर नाही. उलट बाजूने, त्यांचे काव्य म्हणजे निव्वळ जबरदस्तीचे गोड आवरण, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. ते म्हणणाऱ्यांनी काना गावचा प्रसंग वाचलेला नसतो. आवरण घालणारा माणूस श्रोत्याला अडवू देत नाही.

माझ्यापुरते उत्तर त्या पहिल्या प्रसंगातच आहे. पुराणे काढून घेतली ही गोष्ट कवीने दडवलेली नाही. धर्माधिकाऱ्यांची परवानगी घेऊन निघणाऱ्या ग्रंथात, पहिल्याच अवस्वरूत, ती तक्रार नोंदली गेली आहे, आणि तक्रार करणारा मूर्ख किंवा दुष्ट रंगवलेला नाही. तो शहाणा आहे, त्याचे म्हणणे पाद्रीला पटते. आपण काय घेतले आहे हे ठाऊक असलेला माणूस त्या जागी काहीतरी ठेवू पाहतो आहे. घेतलेले तो परत देऊ शकत नाही. देऊ इच्छितही नाही. त्या रिकाम्या जागेचे माप मात्र त्याने बरोबर घेतले होते, म्हणून तर एवढा मोठा ग्रंथ लागला.

१६४९ आणि १६५४ मध्ये पुराण पुन्हा छापले गेले. या तिन्ही छपायांची एकही प्रत आज कुठे असल्याचे माहीत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. ज्या चर्चने १६०६ मध्ये पाद्रीला लोकांची भाषा यायलाच हवी असे म्हटले होते, तिच्याच अंगणात. तोवर पुराण मात्र चर्चमधून घरांत गेले होते. गोव्यातून कारवार-मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरवून बरोबर नेले, आणि अशाच हस्तलिखित प्रतींवरून जोसेफ साल्ढाणांनी १९०७ मध्ये मंगळूरला त्याची आवृत्ती काढली. त्या घरांत तोवर मराठी कुणी बोलत नव्हते. उपासाच्या काळात, घरात कुणी गेले तर रात्री जागताना, या ओव्या म्हटल्या जात. अर्थ पुरता कळत नसतानाही.

गेल्या वर्षी एका गटापुढे मी काना गावच्या लग्नाचा अवस्वरू मोठ्याने वाचला. पंधरा-वीस माणसे होती, बहुतेक साठीपुढची. श्रोता मद्याची शंका काढतो त्या ओवीला मागच्या रांगेतल्या एक बाई खुदकन हसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “आमचे अण्णा असेच मध्ये बोलायचे.” मी थांबलो, त्यांनी हातानेच ‘वाचा, वाचा’ अशी खूण केली, आणि मी पाद्रीचे उत्तर वाचायला घेतले.